शिधा खातं

याला स्टेशन म्हणतात,
पण गाडी इथे कधी आली नाही.
कॅलोवी : फाटकापासून घरापर्यंत
एकोणचाळीस मैल लाल माती,
आणि मध्ये एक उलटा पडलेला ट्रक,
ज्याला सगळे वळणाची खूण मानतात.

अठराशे ब्याऐंशीत एनियस मॅकफी आला
तीन हजार मेंढ्या, एक पियानो
आणि दिवस गेलेली हेस्टर घेऊन.
वहीच्या पहिल्या पानावर त्यानं लिहिलं :
'पाणी सापडलं. माणूस नाही.'

पाणी दाखवलं माझ्या पणजीच्या बापानं.
कोरड्या नदीच्या वाळूत
कोपरापर्यंत हात घालून
ओंजळ वर काढली, आणि आधी घोड्याला दिली.
हे वहीत नाही.
आमच्याकडे तोंडी आहे, पण बिनचूक;
घोड्याच्या कपाळावरचा ठिपकाही
आम्हाला ठाऊक आहे.

वहीत काय आहे, तर पाऊस.
रोज सकाळी नऊ वाजता : शून्य.
शून्य. शून्य. थोडे थेंब, मोजण्याइतके नाहीत. शून्य.
एकोणीसशे दोनचा आख्खा फेब्रुवारी
एका उभ्या रेघेत उरकलेला.
समासात हेस्टरचं बारीक अक्षर :
'हवा इतकी कोरडी, की तारा गंजत नाहीत.
धाकट्याला आज पुरलं.'

लोकरीचे गठ्ठे उंटांवरून बंदराकडे जात.
येताना गुल दाद मीठ आणायचा, सुया आणायचा.
एकदा त्यानं खिडकीची काच आणली,
चारशे मैल, रजईत गुंडाळून, न तडकता.
हेस्टर त्या काचेसमोर बसून राही म्हणे,
बाहेर बघण्यासारखं काही नसताना.
काच अजून आहे. मीही बसते.

वही उलटी करून मागून उघडली,
की लागतं शिधा खातं.
'जिमी, घोडेस्वार : पीठ आठ पौंड, साखर दोन, तंबाखू एक कांडी.
डॉटी, स्वयंपाकघर : पीठ पाच. झगा एक, नाताळात.'
पगाराचा रकाना आखलेला आहे,
सरळ, लाल शाईनं.
बावन्न वर्षं रिकामा.

डॉटी माझी पणजी. जिमी आजोबा.
आजोबांचं खरं नाव मी इथे लिहिणार नाही;
गेलेल्याचं नाव आम्ही घेत नाही.
वहीला ते माहीतच नव्हतं.
न घेणं आणि माहीत नसणं
यांत किती मैलांचं अंतर,
ते कुंपण घालणाऱ्यानं सांगावं.
कुंपण घालणारेही आजोबाच.

डिंगोंनी मेंढ्या संपवल्या, मग गुरं आली.
मग बातमी आली, यांनाही पगार द्यावा लागेल,
आणि त्याच महिन्यात हेलिकॉप्टर आलं.
जे काम वीस घोडेस्वार आठवडाभर करत
ते एक माणूस दुपारच्या जेवणाआधी करू लागला.
साठ जणांना ट्रकमध्ये बसवून
गावाच्या कडेला, कचऱ्याच्या खड्ड्यापाशी उतरवलं.
आई सात वर्षांची, मांडीवर कुत्र्याचं पिल्लू.
ट्रक परत येताना वळणावर उलटला.
रिकामा होता, बरं झालं,
असं आई म्हणायची,
आणि पुढे काही म्हणायची नाही.

आता जमीन आमच्या नावावर आहे.
कागद तीनशे पानांचा,
गुरं बेताची, कर्ज भरपूर.
पियानोत मुंग्यांनी घर केलंय,
खालचा एक सूर तेवढा वाजतो.

परवा भाच्यानं, डार्सीनं, पवनचक्कीचं पातं बसवलं.
त्याला पैसे दिले,
आणि जुनी वही काढून
त्या लाल रकान्यात आकडा लिहिला.
कागद शाई पीत नव्हता.
दोनदा गिरवावा लागला.

आज सकाळी नऊ वाजता : शून्य.
पर्जन्यमापकात मात्र
एक हिरवा बेडूक बसलेला,
ओला, कुठून झाला कुणास ठाऊक.
याला कुठल्या रकान्यात घालू,
हे विचारायला
वर माणूस कोणी नाही.